बिननावाची पुडी

मूत्रपिंडाच्या विकारासारखा मुका विकार क्वचितच आढळेल. मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी कार्यशक्ती खर्ची पडेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा पुष्कळदा मर्यादेतच राहतो आणि रोगी आपल्या उद्योगात मग्न असतो. पुढे केव्हा तरी पायांवर सूज येते, अन्नावरची वासना जाते, तपासणी होते आणि डायलिसिस हा शब्द घरात प्रथमच उच्चारला जातो. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जखडून घ्यावे लागणार, या कल्पनेने कुटुंब हबकून जाते. नेमक्या त्याच वेळी कोणी आप्त सांगतो, "अमक्या गावी एक गृहस्थ पुडी देतात. झाडपाल्याचे औषध, गुण आला नाही तरी अपाय खासच नाही!" या आश्वासनाविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

जे औषध गुण देण्याइतके प्रभावी आहे ते अपाय करण्याइतकेही प्रभावी असू शकते, हे तत्त्व मुळीसाठी आणि गोळीसाठी निराळे नाही. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातील बहुतेक पुन्हा शोषून घेतात. त्यामुळे पोटात गेलेल्या अनेक द्रव्यांचा अंश तेथे साचतो आणि तेथील नाजूक नलिकांना त्याचा उपद्रव सर्वांआधी होतो.

ब्रुसेल्स शहरात घडलेला प्रकार या बाबतीत उद्बोधक आहे. वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींचे मिश्रण घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होत असल्याचे तेथील डॉक्टरांनी १९९३ साली प्रसिद्ध केले. पुढे अशा रोग्यांची संख्या शंभरावर गेली. अनेकांना डायलिसिस अथवा मूत्रपिंडरोपण करावे लागले आणि काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. कारण काय? स्टेफानिया या वनस्पतीऐवजी अरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती मिश्रणात आली होती. दोहोंच्या चिनी नावांत साम्य होते. एवढ्या नामसाम्यापायी एवढा अनर्थ झाला! या कुळातील वनस्पती असलेल्या औषधांची जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने २००२ साली कर्करोगजनक द्रव्यांत गणना केली.

हे परदेशी प्रकरण म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडे सर्पदंशापासून तापापर्यंत वापरली जाणारी ईश्वरी त्याच कुळातील आहे. नामसाम्याचा घोटाळाही आपल्याकडे कमी नाही. मूतखड्यावर सांगितला जाणारा पाषाणभेद हिमालयाच्या बाजूस एक वनस्पती असते, केरळात दुसरी, तर आपल्या इकडे पुष्कळजण पानफुटीलाच पाषाणभेद म्हणतात. जाणत्यांची ही स्थिती, तर वाटून केलेल्या करड्या चूर्णात काय आहे हे रोग्याने कसे ओळखावे?

वनस्पतींच्या जोडीला धातूही असतात. बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने अमेरिकन संशोधकांनी तपासली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. हा अहवाल २००४ सालचा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२२ साली दाखवून दिले की, लघवीवाटे प्रथिने वाहून जाण्याचा एक विशिष्ट विकार पारायुक्त देशी औषधे घेणाऱ्यांत दिसून येतो, आणि औषध थांबविल्यावर त्यांतील बहुतेकांच्या प्रकृतीला उतार पडतो. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

यावरून आम्ही आयुर्वेदाचे वैरी आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. पुनर्नवा, गोखरू, वायवर्णा यांचा अभ्यास जरूर व्हावा, आणि तो कसोटीला उतरला तर त्याचा आम्हांस अभिमानच वाटेल. अज्ञात औषधाची तुलना विषाशी करणारी आणि वनस्पतीचे केवळ नाव-रूप जाणणे पुरेसे नाही असे बजावणारी चरकसंहिता आमच्याच बाजूची आहे. वेदनाशामक गोळ्या मनाला येईल तशा घेऊन मूत्रपिंडे गमावणाऱ्यांनाही आमचे हेच सांगणे आहे.

कायदा काय करतो? १९५४ सालच्या जादूचे उपाय व आक्षेपार्ह जाहिराती यांविषयीच्या कायद्याने मूतखडा बरा करण्याच्या जाहिरातीस बंदी आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकांची यादी छापावी लागते. परंतु आपल्याच रोग्यांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास परवान्याच्या बंधनातून सूट आहे. जुन्या वैद्यपरंपरेचा मान राखण्यासाठी दिलेल्या या सवलतीची ढाल करून, ज्यांनी वैद्यकाचे तोंडही पाहिलेले नाही असे लोकही पुड्या बांधीत आहेत. सवलत काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. पण पुडीबरोबर तिच्यातील प्रत्येक घटकाचे नाव व प्रमाण लिहून देणे सक्तीचे करावे, एवढी मागणी अवाजवी नाही. ज्या वैद्याची आपल्या विद्येवर श्रद्धा आहे त्याला कागदावर सही करण्याचे भय का वाटावे?

डॉक्टरांनाही एक विनंती आहे. चूर्णाचे नाव काढताच ते रोग्याची हेटाळणी करतात. म्हणून रोगी ती गोष्ट लपवितो आणि बिघाडाचे खरे कारण अंधारातच राहते. "आणखी काय घेता?" हा प्रश्न रागावून नव्हे, आपुलकीने विचारला पाहिजे.

राहता राहिले आपण सुशिक्षित. घरासाठी धान्य घेताना आपण मूठभर दाणे तळहातावर घेऊन पारखतो. मग बापाच्या किंवा मुलाच्या पोटात जाणारे चूर्ण न विचारता कसे घेतो? मूत्रपिंड एकदा गेले की बहुधा परत येत नाही, आणि पुडीच्या आशेवर घालविलेले महिनेही परत येत नाहीत. यापुढे कोणी पुडी हातावर ठेवली तर तिच्यात काय आहे हे आधी विचारावे. उत्तर मिळाले तर ते लिहून घेऊन आपल्या डॉक्टरांना दाखवावे. न मिळाले तर पुडी तेथेच ठेवून घरी यावे.