जन्ममास आणि कवाईत

कवाईतीच्या तासास मागे पडणाऱ्या मुलास ‘दुर्बल’ म्हणण्यापूर्वी त्याचा जन्ममास पाहावा, असे आमचे मत आहे. न पाहण्याची चूक आमच्याही हातून घडली आहे. एकाच इयत्तेतील मुलांच्या वयांत जवळजवळ १२ महिन्यांचे अंतर असू शकते. अंग भराभर वाढण्याच्या १३-१४ व्या वर्षी ते थोडे नव्हे. कॅनडात बर्फावरील हॉकीसाठी मुलांचे गट १ जानेवारीपासून वय मोजून पाडीत. तेथील नामांकित खेळाडूंत वर्षारंभी जन्मलेले पुष्कळ व वर्षाअखेर जन्मलेले थोडे, हे रॉजर बार्न्स्ले यांनी १९८५ साली दाखविले. थोरल्यास बलवान समजून अधिक शिक्षण मिळते. धाकटा खचून मैदान सोडतो. म्हणून गुण देताना मुलाची तुलना त्याच्याच गतवर्षाशी व्हावी. पालकहो, धीर धरा. धाकटेपण हा दोष नव्हे.