महाराजा कोणी बुडवला? एअर इंडियाविषयीच्या एका सोयीस्कर दंतकथेचा समाचार

१/ १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. वाटेत शिरूर लागते. बरोबर सात दिवसांनी, ८ जूनला, मुंबईहून ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ३५ प्रवाशांना घेऊन कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. बस सरकारची होती. विमान ज्या कंपनीचे होते त्या ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’मध्ये सरकारचा वाटा ४९ टक्के होता.

२/ यांपैकी विमानाविषयी एक वाक्य समाजमाध्यमांवर अखंड फिरत असते : टाटांनी उभारली, नेहरूंनी हिसकावली, सरकारने बुडवली, टाटांनी परत घेतली. चार क्रियापदांत नव्वद वर्षांचा निकाल! वाक्य सुटसुटीत आहे, म्हणूनच ते घातक आहे. त्यातील पहिले क्रियापद बरेचसे खरे, दुसरे अर्धे खरे, तिसऱ्यात पन्नास वर्षांची उडी आणि चौथ्यात हिशेबाची लपवाछपवी आहे.

३/ आधी जे खरे आहे ते मान्य करू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एक इंजिनाचे पस मॉथ विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. विमानात प्रवासी नव्हते, टपाल होते. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची मातीची जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा संसार पुण्याला हलवून विमाने येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर उतरवली जात. ज्या नगर रस्त्याने पुढे एसटी शिरूरकडे गेली, त्याच रस्त्याच्या तोंडाशी भारतीय नागरी विमानसेवेचे पहिले पावसाळे गेले. ही जिद्द टाटांची, यात वाद नाही.

४/ १९३८ मध्ये ‘टाटा एअरलाइन्स’ हे नाव आले. १९४६ मध्ये सार्वजनिक भागभांडवलाची ‘एअर इंडिया’ झाली. त्याच वर्षी बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून मिशाळ महाराजा जन्मला. १९४८ ची आंतरराष्ट्रीय कंपनी सरकारने टाटांवर लादली नव्हती. सरकारला भागीदार करून घेण्याचा प्रस्ताव जे. आर. डीं.चाच होता, हे त्या लाडक्या वाक्यात कधीच सांगितले जात नाही.

५/ आता ‘हिसकावली’. महायुद्धानंतर लष्कराची डकोटा विमाने स्वस्तात विक्रीला निघाली आणि सरकारने विमान कंपन्यांना परवाने अक्षरशः वाटले. प्रवासी थोडे, कंपन्या फार. काहींचे दिवाळे निघाले. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने या दुरवस्थेची चौकशी केली आणि तत्काळ राष्ट्रीयीकरणाऐवजी स्वेच्छेने विलीनीकरण सुचवले. सरकारने ते ऐकले नाही. १९५३ च्या कायद्याने आठ देशांतर्गत कंपन्या ‘इंडियन एअरलाइन्स’मध्ये गेल्या आणि ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ स्वतंत्र महामंडळ झाले. निर्णयाआधी आपल्याशी चर्चा झाली नाही, ही जे. आर. डीं.ची तक्रार रास्त होती. पण सरकारने भरभराटीचा खासगी धंदा बळकावला, हे चित्र खोटे आहे. ताब्यात आले ते बहुतेक आजारी कंपन्यांचे गाठोडे. तो आजार सरकारी परवान्यांनीच वाढवला होता, हेही तितकेच खरे.

६/ आणि इथे दंतकथेचा पाय घसरतो. ‘सरकारने बुडवली’ म्हणणाऱ्यांनी १९५३ ते १९७८ ही पंचवीस वर्षे कुठे ठेवली? नेहरूंनी अध्यक्षपद जे. आर. डीं.नाच दिले. मालक सरकार, सूत्रे टाटांच्या हाती. १९६० मध्ये ताफ्यात बोइंग ७०७ आले आणि न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ मध्ये एअर इंडिया जगातली पहिली संपूर्ण जेट विमान कंपनी ठरली. १९७१ मध्ये बोइंग ७४७ आले. पडद्यांचे रंग, चहाची चव, काउंटरवरची धूळ या सगळ्यांवर जे. आर. डीं.ची टिपणे निघत. ज्या सुवर्णकाळाच्या आठवणी सांगून राष्ट्रीयीकरणाला शिव्या दिल्या जातात, तो सुवर्णकाळ राष्ट्रीयीकरणानंतरचा आहे!

७/ मग बिघडले कुठे? १ जानेवारी १९७८ रोजी ‘एम्परर अशोका’ हे ७४७ मुंबईहून उड्डाण करताच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण दगावले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केले. त्यांच्या जागी निवृत्त एअर चीफ मार्शल पी. सी. लाल आले. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी जे. आर. डीं.ना संचालक मंडळावर परत घेतले, अध्यक्षपदावर नाही. १९८६ ते १९८९ रतन टाटाही अध्यक्ष होते. म्हणजे टाटांचे नाव मधूनमधून परतत राहिले. परतला नाही तो मंत्रालयाने व्यवस्थापनापासून राखलेला हात दीडहाताचा अंतराय. मालकी १९५३ मध्ये बदलली होती, कारभाराची रीत १९७८ नंतर बदलली. दंतकथा या दोन तारखा एकाच दोरीने बांधते.

८/ तरीही १९९० मध्ये कुवेतवर इराकने आक्रमण केले तेव्हा याच सरकारी विमानांनी अम्मानहून एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. त्या फेऱ्यांना नफ्याच्या रकान्यात जागा नसते.

९/ खरा कडेलोट एकविसाव्या शतकातला. एअर इंडियासाठी आधी २८ विमानांचा विचार होता. २००४ नंतर तो आकडा उपकंपनीची १८ धरून ६८ वर गेला. इंडियन एअरलाइन्सची ४३ मिळवून एकूण १११ विमाने, आणि तीही मुख्यतः कर्ज काढून. २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले : दोन ताफे, दोन वेतनश्रेणी, दोन सेवाज्येष्ठता याद्या, दोन संस्कृती. त्याच काळात आखाती कंपन्यांना भारतातून प्रवासी नेण्यासाठी आसनांचे हक्क उदारपणे वाढवून दिले गेले. २०११ च्या अहवालात कॅगने या तिन्ही बाबींवर बोट ठेवले. इथे कोणावर लाचखोरीचा आरोप करण्याची गरजच नाही. प्रवासी दुसऱ्याला द्यायचे आणि विमाने स्वतः विकत घ्यायची, एवढे गणित पुरेसे आहे.

१०/ आणि प्रवासी गेले कोणाकडे? एमिरेट्सकडे, जिची मालकी दुबई सरकारची आहे. ‘सरकारला विमान चालवता येत नाही’ हा सिद्धांत मांडणाऱ्यांनी एमिरेट्सच्या खिडकीतून एकदा खाली पाहावे.

११/ हाच सिद्धांत आफ्रिकेच्या बाबतीतही उगाळला जातो, म्हणून तिकडे वळणे भाग आहे. घाना स्वतंत्र झाल्याच्या पुढच्याच वर्षी, जुलै १९५८ मध्ये, ‘घाना एअरवेज’ स्थापन झाली. सुरुवातीला ब्रिटिश बीओएसी भागीदार होती, १९६१ मध्ये कंपनी पूर्ण सरकारी झाली. एन्क्रुमा यांच्या सरकारने सोव्हिएत संघाकडून आठ इल्युशिन-१८ विमाने घेतली. तेवढे प्रवासीच नव्हते, काही विमाने परत करावी लागली. धडपडत ती कंपनी २००४ पर्यंत जगली. शेजारची ‘नायजेरिया एअरवेज’ २००३ मध्ये आणि अकरा फ्रेंचभाषक देशांनी मिळून काढलेली ‘एअर आफ्रिक’ २००२ मध्ये बंद पडली. मात्र त्याच खंडात १९४५ पासून इथिओपियन एअरलाइन्स सरकारी मालकीचीच आहे, आणि आज ती आफ्रिकेतली सर्वांत मोठी विमान कंपनी आहे. आक्रा आणि आदिस अबाबा यांच्यात मालकीचा फरक नाही. किती विमाने घ्यायची हे वेळापत्रक ठरवते की मंत्रिमंडळ, हा फरक आहे. १११ चा आकडा आक्राच्या जातकुळीतला होता.

१२/ खासगीकरणाच्या भक्तांसाठी दोन नावे : किंगफिशर, २०१२ मध्ये जमिनीवर. जेट एअरवेज, १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उड्डाण. दोन्ही मुंबईच्या आकाशात वाढलेल्या, दोन्ही खासगी, आणि दोन्हींच्या कर्जात सार्वजनिक बँकांचा पैसा.

१३/ आता चौथे क्रियापद : ‘परत घेतली’. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटांची १८,००० कोटींची बोली जाहीर झाली. त्यातले रोख फक्त २,७०० कोटी. उरलेले १५,३०० कोटी म्हणजे अंगावर घेतलेले कर्ज. ऑगस्ट २०२१ अखेर कंपनीवर एकूण कर्ज ६१,५६२ कोटी होते. वजाबाकी करा : ४६,२६२ कोटी. ही रक्कम एका सरकारी कंपनीकडे वळवण्यात आली, म्हणजेच करदात्यांकडे. त्यात जमिनी-इमारती विकून काही वसूल होईल. नरिमन पॉइंटची ती प्रसिद्ध इमारत महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेतली, म्हणजे पुन्हा करदात्यांच्याच पैशांतून. विक्री करू नये असे नव्हे. २०२१ पर्यंत दुसरा मार्ग उरला नव्हता. पण याला ‘घरवापसी’ म्हणून पेढे वाटणे हा हिशेबाचा अपमान आहे.

१४/ दौंडकरांना हा हिशेब नवा वाटू नये. पुण्याहून दौंडमार्गे दिक्सळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ मध्ये जीआयपी या खासगी कंपनीने सुरू केला. १८४९ च्या करारानुसार भागधारकांना ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. उत्पन्न कमी पडले की तूट भारतीय तिजोरीतून, म्हणजे शेतसारा भरणाऱ्यांच्या खिशातून. १९०० मध्ये सरकारने रेल्वे विकत घेतली, तरी कारभार १९२५ पर्यंत कंपनीकडेच राहिला. नफा लंडनला, जोखीम भीमेच्या काठाला. मालकी सरकारी की खासगी, एवढाच प्रश्न विचारणाऱ्याला ही व्यवस्था कधीच दिसणार नाही.

१५/ शिवाय आजच्या ‘खासगी’ एअर इंडियाचे भागधारक पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली आणि सिंगापूर एअरलाइन्सला २५.१ टक्के वाटा मिळाला. त्या सिंगापूर एअरलाइन्सचा बहुसंख्य मालक टेमासेक, म्हणजे सिंगापूर सरकारची गुंतवणूक संस्था. भारत सरकार बाहेर पडले आणि दुसरे सरकार आत आले.

१६/ राहिली १ जूनची ती बस. ऑक्टोबर २०२१ मध्ये विमान टाटांकडे गेल्याच्या बातम्या झळकत होत्या. त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. त्यांची मागणी नेमकी उलट होती : महामंडळ राज्य शासनात विलीन करा. राज्यातील जवळजवळ सगळी आगारे ठप्प झाली. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडियाची सूत्रे टाटांच्या हाती गेली, तेव्हाही संप चालूच होता. तो एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मिटला. विलीनीकरण झाले नाही.