काटा खरा, तर वजन खरे



कापसाचे तेच गाठोडे काट्यावर दोनदा ठेवले, तर वजन तेच यायला हवे. नाही आले, तर दोष काट्याचा. औषधाचा त्रास मोजायला डॉक्टरांकडेही असाच एक काटा असतो, तो म्हणजे प्रश्नावली. मळमळ किती झाली? मुळीच नाही, थोडी, बरीच, की खूप?

अशा प्रश्नावल्या बहुधा इंग्रजीत तयार होतात. मराठीत आणल्या की काटा नव्याने तपासावा लागतो. आपल्याकडे ‘जीव घाबरते’ म्हटले, तर कुणाला मळमळ म्हणायची असते, कुणाला छातीतली धडधड, तर कुणाला भीती. म्हणून मराठी मजकूर दुसऱ्या जाणकाराकडून परत इंग्रजीत करवून मूळाशी ताडतात. मग तो रोग्यांना विचारतात. प्रकृती तशीच असताना काही दिवसांनी तेच उत्तर आले, तर काटा भरवशाचा. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने कर्करोग्यांसाठीची ३० प्रश्नांची युरोपीय प्रश्नावली स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांमध्ये हिंदी-मराठीत पारखली. ते काम २००५ साली प्रसिद्ध झाले.

काटा चुकला, तर त्रास कळत नाही आणि नको ती गोळी चालूच राहते. तेव्हा प्रश्न उमगला नाही, तर नुसती मान हलवू नका, पुन्हा विचारा. सासूबाईंचे उत्तर सुनेने देऊ नये. त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्यावे. कोणती गोळी, किती वेळाने त्रास, किती वेळा, हे टिपून न्या. गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नका. औषधाच्या त्रासाची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर फुकट करता येते.