वर्षाचे हजार रुपये

दिवाळीच्या अंकात गाऱ्हाणे घालू नये, असा संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे. फराळाचे ताट बाजूला न सारताच वाचावे, एवढीच विनंती.

मी जेमतेम मॅट्रिक. वस्तीशाळेवर स्वयंसेवक म्हणून लागलो, मास्तर झालो, सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. अर्थशास्त्र मला कळत नाही, हे आधीच कबूल करतो. परंतु हजार रुपये म्हणजे काय, ते मला कळते.

अल्पसंख्य समाजातील, वर्षाला 1 लाखाच्या आत मिळकत असलेल्या घरच्या मुलांना केंद्र सरकार निर्वाहासाठी दरमहा 100 रुपये, असे दहा महिने देत असे. नोव्हेंबर 2022 मध्ये ते पहिली ते आठवीला बंद झाले, उरले नववी-दहावीपुरते. कारण काय, तर 2009 च्या कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे! आम्ही तर अर्ज भरून बसलो होतो.

शाळा फी घेत नाही, पुस्तके देते, दुपारी खिचडी घालते. हे मी नाकारीत नाही. पण शाहूमहाराजांनीही 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले होते. म्हणून काही त्यांनी बोर्डिंगांना कुलपे लावली नाहीत. त्यांत मुस्लिम बोर्डिंगही होते.

सहावीत माझ्याकडे एका पिंजाऱ्याची मुलगी होती. घर म्हणजे बाजारतळाच्या कडेला ताणलेली ताडपत्री. मिळकतीचा दाखला, आधार, बँकेचे खाते, हे जुळवण्यात माझे चार शनिवार गेले होते. (ज्यांना उंबरठाच नाही, त्यांनी पत्ता कोणता लिहावा?) आदल्या वर्षीच्या पैशांतून वह्या आल्या, चपला आल्या, पण त्याहून मोठे म्हणजे आईच्या तोंडी एक उत्तर आले. "पोरगी शाळेत जाऊन काय कमावते?" असे नवऱ्याने विचारले, की ती म्हणे, "हजार रुपये." माझ्या दहा भाषणांनी जे झाले नसते, ते त्या दोन शब्दांनी होत होते. सरकारने नेमके तेच काढून घेतले.

आणि न कापताही कापता येते, बरे का! आपल्या राज्याने 1992 साली गरीब, मागास घरच्या पहिली ते चौथीच्या मुलींना रोज 1 रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. तीस वर्षांनंतरही तो 1 रुपयाच होता. त्या रुपयाला वाण्याने कधीच ओळख दाखवणे सोडले होते.

नववीत मदत देऊ, म्हणतात. सहावीत गळालेले पोर नववीत कोठून उगवणार?

परवा गाद्या पिंजायला तो पिंजारी दारी आला. मुलगी गाडीमागे उभी. पैसे तिनेच मोजून घेतले, सुटे बिनचूक परत केले. शाळेत असती, तर 2025 च्या जूनमध्ये ती नववीत बसली असती. "मास्तर, कापूस ओला आहे, दोन दिवस ऊन दाखवा," एवढे बोलून ती बापामागून पुढच्या दाराला गेली.