शाप की वरदान? विषयालाच शून्य!

परवा नातवाचा फोन आला. "आजी, 'विज्ञान : शाप की वरदान' यावर निबंध सांग ना, उद्या द्यायचाय." मी आधी हसले आणि मग माझी मलाच लाज वाटली. मंडळी, हा विषय मी स्वतः ३३ वर्षं फळ्यावर लिहिलाय. एकीकडे हिरोशिमा, दुसरीकडे औषधं, आणि शेवटी "विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, सारे वापरणाऱ्यावर अवलंबून" हा ठरलेला समारोप. असा समारोप दिसला की मी डोळे मिटून दहापैकी आठ गुण देत असे.

आज मी या विषयालाच शून्य देते. का ते सांगते.

मी मराठीची बी. ए., विज्ञानाची नव्हे. पण शब्दांचं थोडंफार कळतं. शाप दुर्वास देतात, वर शंकर देतो. ज्याला मिळतो त्यानं भोगायचं, फार तर पाय धरून उःशाप मागायचा. जाब विचारायची सोय नाही! आणि अणूच्या बाबतीत नेमका जाबच विचारायला हवा, कारण तिथे ऋषी कोणी नव्हते. होती ती नावगाव असलेली, कागदावर सह्या करणारी माणसं.

दोन गोष्टी सांगते, दोन्ही खऱ्या.

पहिली एप्रिल १९४५ची, अमेरिकेतल्या ओक रिजची. एब केड नावाचा कृष्णवर्णीय बांधकाम कामगार मोटार अपघातात हाडं मोडून अणुबॉम्ब प्रकल्पाच्या इस्पितळात आला. १० एप्रिलला त्याला एक इंजेक्शन दिलं गेलं. त्यात प्लुटोनियम होतं. ते शरीरात किती साठतं आणि किती बाहेर पडतं, हे शास्त्रज्ञांना जाणून घ्यायचं होतं. बॉम्बच्या कारखान्यातल्या कामगारांच्या सुरक्षेसाठी ही माहिती हवी होती, म्हणजे हेतू वाईट नव्हताच! पण केडला कोणी विचारलं नाही. १९४७पर्यंत वेगवेगळ्या इस्पितळांत मिळून १८ जणांना अशी इंजेक्शनं दिली गेली. त्याच वर्षी सरकारी पत्र निघालं की माणसांवरच्या अशा प्रयोगांचे कागद उघड करू नयेत, लोकमत बिघडेल, खटले होतील. आयलीन वेल्सम या पत्रकार बाईंनी १९९३मध्ये हे सारं नावांसह छापलं. अध्यक्ष क्लिंटन यांनी १९९५मध्ये माफी मागितली, तोवर जवळजवळ ५० वर्षं उलटली होती.

दुसरी गोष्ट कॅनडाची. चॉक रिव्हर इथली एनआरएक्स ही अणुभट्टी १९४७मध्ये सुरू झाली. तिचाही जन्म युद्धकाळातल्या अणुप्रकल्पातूनच झालेला. या भट्टीत साधा कोबाल्ट धातू महिनोन्‌महिने ठेवला की त्याचा कोबाल्ट-६० होतो. त्याचे किरण शरीरात खोलवर जातात आणि कातडी त्या मानाने कमी भाजते. त्याआधी रेडियम वापरत, पण ते सोन्याहून महाग आणि मिळायचं ग्रॅमच्या हिशेबात. सस्काटूनला हॅरल्ड जॉन्स यांच्या गटाने कोबाल्टचं यंत्र ऑगस्ट १९५१मध्ये बसवलं, पण पहिला रुग्ण घेतला ८ नोव्हेंबरला. मधला काळ किरण किती खोल जातात, कुठे किती पडतात, याची मोजमापं करण्यात गेला. त्यांच्यात सिल्व्हिया फेडोरुक नावाची तरुण मुलगी होती. पहिली रुग्ण चार मुलांची आई, गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेली. त्यानंतर ती चाळीसहून अधिक वर्षं जगली.

आता सांगा, यात शाप कुठला आणि वरदान कुठलं? मूळ एकच, काळ एकच, दोन्हीकडे शिकलेसवरलेले लोक. एका ठिकाणी विचारलं नाही आणि पुढे लपवलं. दुसऱ्या ठिकाणी आधी मोजलं आणि मगच माणसाला हात लावला.

"बाई, हेच तर आम्ही म्हणतो, वापरणाऱ्यावर अवलंबून!" असं कोणीतरी प्रतिक्रियेत लिहिणारच. नाही हो. तुमच्या वाक्यातला हा 'वापरणारा' कोण? त्याला नाव नाही, हुद्दा नाही. पोरांना वाटतं, असेल कोणी दुष्ट माणूस. केडला सुई टोचणारे दुष्ट नव्हते, घाईत होते आणि त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. भीती त्याचीच वाटते.

आपल्या तुर्भ्याची सायरस भट्टी याच एनआरएक्सच्या धर्तीवर, कॅनडाच्या मदतीने उभी राहिली आणि १९६०मध्ये सुरू झाली. २०१०च्या अखेरीस ती बंद झाली. तिने औषधोपचारासाठी समस्थानिकं दिली आणि १९७४च्या पोखरणसाठी प्लुटोनियमही दिलं. ते योग्य की अयोग्य यावर आमच्या घरातच दोन तट आहेत, जेवणं थंड होतात. होऊ देत! पण निर्णय कोणी घेतला, का घेतला, यावर भांडा. भट्टीला शापित म्हणू नका आणि तिची आरतीही करू नका.

हे मी तावातावाने लिहितेय त्याला कारण आहे. १९७८मध्ये माझ्या आईला मुंबईत कोबाल्टचे किरण दिले. आमचे एक काका सांगत होते, "अणूचं काही अंगावर घेऊ नका, शाप आहे तो." आई घाबरून नको म्हणाली. शेवटी यंत्रावरच्या माणसाने तिला आत नेऊन सारं दाखवलं, किती मिनिटं, कुठे, काय त्रास होईल. मग ती हो म्हणाली. त्यानंतर अकरा वर्षं ती आमच्यात होती. तिला विचारलं गेलं होतं, एवढंच आज आठवतं.

आणि एक कबुली. एका मुलीने याच निबंधात लिहिलं होतं, "शाप कोणी दिला ते आधी सांगा." मी 'विषयाला सोडून' असा लाल शेरा मारून तिला तीन गुण दिले. वर्गात तीच एक विषयाला धरून होती!

नातवाला तिचंच वाक्य सांगितलंय. त्यालाही तीनच मिळाले तर दोष माझा. असो.