पंप बदलण्याआधी गेज लावा

"मिस्त्री, सकाळी उचलतंय, दुपारी उचलंना झालंय." पन्हाळा तालुक्यात कोडोली, कोतोली, कळे, बाजारभोगाव या भागांत ट्रॅक्टरची कामे करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना ही तक्रार नवी नाही. शेणखत, मुरूम, वीटभट्टीची माती, गुऱ्हाळावरची चिपाडे अशा कामांसाठी ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवलेला असतो. तो ऐन हंगामात ओझे उचलेनासा होतो. मालक घाईत असतो आणि मिस्त्रीपुढे दुसरी कामे पडलेली असतात. अशा वेळी तोंडातून पहिले वाक्य निघते, "पंप गेलाय."

हे वाक्य फार महाग पडते असे माझे मत आहे. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका शेतकऱ्याने एकाच हंगामात दोनदा पंप बदलला. लिफ्ट मात्र होती तशीच राहिली. शेवटी टाकी उघडली तेव्हा सक्शनची गाळणी चिंध्या आणि गाळाने बुजलेली निघाली. जुना पंप बहुधा चांगलाच होता. त्या मिस्त्रीने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने मोजले नाही, एवढेच. पण शेतकऱ्याच्या खिशाला दोन्हींत काय फरक पडला?

मालकाला पहिला प्रश्न असा विचारावा, की लोडर हळू उचलतो की उचलतच नाही? या दोन दुखण्यांची औषधे वेगळी आहेत. वेग तेलाच्या प्रवाहावर अवलंबून असतो आणि ताकद दाबावर. ओझे पुरते उचलते पण संथ, असे असेल तर टाकीतील तेल, गाळणी, सक्शनचा पाईप आणि मग पंप पाहावा. तेलाला फेस येत असेल तर सक्शनकडून हवा ओढली जात आहे. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे, आणि आपल्याकडच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या यंत्राच्या बाबतीत त्यात नवल नाही. रिकामी बकेट झटक्यात वर जाते, पण भरली की अडते, असे असेल तर दाब कुठेतरी निसटतो आहे. आणि सकाळी ठीक, दुपारी अशक्त, याचा अर्थ गरम होऊन पातळ झालेले तेल झिजलेल्या पंपातून, स्पूलमधून किंवा जॅकच्या सीलमधून आतल्या आत परत जात आहे. म्हणून तपासणी तेल गरम झाल्यावरच करावी. थंड यंत्र खोटी साक्ष देते.

दुसरी तपासणी फुकटची आहे. लोडर ट्रॅक्टरच्याच पंपावर चालत असेल तर मागची लिफ्ट जड अवजार उचलते का ते पाहा. उचलत असेल तर पंपाला दोष देण्याचे कारण बहुतेक संपले. लोडरला स्वतंत्र पंप असेल तर मात्र या खुणेचा उपयोग नाही.

त्यानंतर गेज. पंपाकडून येणाऱ्या दाबाच्या लाईनला टी लावून २५० किलोपर्यंतचे गेज बसवा. बकेट पूर्ण मागे वळवून लिव्हर दोन-तीन सेकंदच धरा, कारण जास्त धरल्यास तेल तापते. मिळालेला आकडा कंपनीच्या पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहा. मग बूम पूर्ण वर नेऊन तेच करा. दोन्हीकडे दाब कमी असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह किंवा पंप. बकेटला पुरा आणि बूमला कमी असेल तर दोष बूमच्या जॅकमध्ये किंवा त्याच्या स्पूलमध्ये. दोन्हीकडे पुरा दाब असून ओझे उचलत नसेल तर यंत्र निर्दोष आहे. बकेटच जादा भरली जात आहे किंवा पिना जाम झाल्या आहेत. बकेटच्या ओठाला पट्टी वेल्ड करून ती मोठी करण्याची आपल्याकडे हौस आहे. त्यात ओला मुरूम भरल्यावर बिचारा पंप काय करणार?

हिशोब सोपा आहे. ६३ मिलिमीटर बोअरच्या जॅकचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर. १५० किलो दाबाला तो सुमारे ४,६५० किलोचा जोर लावतो, १०० किलोला सुमारे ३,१००. म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली, आणि डोळ्यांना काहीच दिसले नाही.

दाब कमी निघाला तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह काढून धुवा. सीटवर बसलेला कचऱ्याचा एक कण किंवा तुटलेली स्प्रिंग पुरेशी असते. पण गेजशिवाय वॉशर घालून तो आवळणे हा आपल्या धंद्यातला जुना रोग आहे. दोन दिवस लोडर जोरात चालतो, मिस्त्रीचे नाव होते, आणि मग होज फुटतो, नाहीतर पंपाचा शाफ्ट जातो.

जॅकच्या सीलचा संशय असेल तर बूम पूर्ण वर नेऊन भक्कम लोखंडी आधार लावा, इंजिन बंद करा, दाब उतरवा. मग एका जॅकचा रॉडकडचा होज सोडून होजचे तोंड बंद करा आणि जॅकचे उघडे तोंड डब्याकडे करा. इंजिन मंद चालवून लिव्हर 'वर' लावा. त्या तोंडातून तेल सतत येत राहिले तर पिस्टनचे सील गेले. मग दुसरा जॅक याच रीतीने. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर वर असलेल्या बूमखाली कोणीही जाऊ नये, शिकाऊ पोराला तर मुळीच पाठवू नये. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचे तेल कातडीत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवावा लागू शकतो. असे झाल्यास दुखत नसले तरी त्याच तासाला दवाखाना गाठावा.

आता मुद्द्याचे. मिस्त्रीला पैसे मिळतात ते सुटा भाग बसवण्याचे; दोष शोधण्याचे कोणी देत नाही. गाळणी साफ करून दिली तर मालक चहा पाजतो, पंप बदलला तर नोटा मोजतो. मग हात पंपाकडेच वळणार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीच्या कारखान्यांत मापाशिवाय एक नग बाहेर पडत नाही, आणि इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर आपण कानाने ऐकून निदान करतो. माझी सूचना अशी, की तपासणीचा वेगळा आकार ठरवावा आणि तो काम हाती घेण्याआधीच सांगावा. गेजचा आकडा मालकाला दाखवून पावतीवर लिहावा: तेल गरम, बूमला इतका दाब, बकेटला इतका. दुरुस्तीनंतरचा आकडा त्याच्याच खाली. सुरुवातीला काही गिऱ्हाईके कुरकुरतील, काही दुसऱ्या गॅरेजला जातील. पण पुढच्या हंगामात लोडर पुन्हा अशक्त झाला, तर मालकाच्या हातात गेल्या वर्षीची पावती असेल आणि पावतीवर तुमच्या गॅरेजचे नाव.