वाकडे दात : खापर एकट्या अंगठ्यावर नको



‘अंगठा चोखल्यानेच दात वाकडे होतात’ हा गेल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष एकांगी आहे. चौथ्या वर्षापर्यंत सवय सुटली, तर पुढे आलेले दात बहुधा आपसूक सावरतात.

लेखात किडीचा उल्लेखही नाही. मागची दुधाची दाढ किडून वेळेआधी काढली, की सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते. मग अकराव्या-बाराव्या वर्षी वरच्या सुळ्याला जागा उरत नाही. तो हिरडीत उंचावर, ओळीबाहेर उगवतो.

‘बाकी सारे आनुवंशिक’ हेही अर्धसत्य. रॉबर्ट कोरुचिनी व सहकाऱ्यांच्या १९८३ मधील चंडीगड परिसराच्या पाहणीत शहरी मुलांत वाकडे दात खेड्यांपेक्षा अधिक आढळले. कोरुचिनींचा रोख मऊ अन्नाकडे होता.

लेखकाने पुढच्या अंकात खुलासा करावा.

— एक वाचक, जबलपूर